पिवळ्या पट्ट्या आणि पादचारी पूल

वर्तनशास्त्राच्या लोकप्रिय मांडणीत तीन विधाने नेहमी हातात हात घालून येतात आणि तिसरे पहिल्या दोहोंच्या पुण्याईवर खपून जाते. पहिले असे की माणूस वाटेल तसा चुकत नाही; त्याच्या चुकांना ठरलेले वळण असते. डॅनियल कानेमान आणि अमोस ट्वर्स्की यांनी हे प्रयोगांतून दाखवून दिले. १९७९ मधला त्यांचा ‘प्रॉस्पेक्ट थिअरी’वरचा शोधनिबंध आजही आधारभूत मानला जातो आणि २००२ मध्ये कानेमान यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच कामासाठी. दुसरे असे की पर्याय ज्या रीतीने समोर ठेवले जातात, तिचा निवडीवर परिणाम होतो. रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन यांच्या २००८ मधील ‘नज’ या पुस्तकाने हा विचार सरकारी कचेऱ्यांपर्यंत नेला. २०१० मध्ये ब्रिटनच्या सरकारने त्यासाठी खास पथक नेमले आणि २०१७ मध्ये थेलर यांनाही नोबेल मिळाले. तिसरे विधान असे की, ज्याअर्थी छोट्या फेरफाराने वागणे बदलते, त्याअर्थी आरोग्य, बचत, अपघात, अप्रामाणिकपणा हे मोठे प्रश्नही छोट्या, स्वस्त आणि कोणालाही न दुखावणाऱ्या युक्त्यांनी सुटतील.

पहिल्या दोन विधानांमागे भक्कम काम आहे. तिसरे त्यांतून निघतच नाही. तरीही व्यवस्थापनाच्या कार्यशाळांत, स्वयंविकासाच्या पुस्तकांत आणि धोरणांच्या सादरीकरणांत विकले जाते ते तिसरेच. भारताच्या २०१८-१९ च्या आर्थिक पाहणी अहवालात या विषयावर स्वतंत्र प्रकरण होते आणि स्वच्छ भारत मोहिमेकडे त्यात याच चष्म्यातून पाहिले गेले. त्या मोहिमेत ग्रामीण भागातल्या पात्र कुटुंबाला शौचालयासाठी १२,००० रुपयांचे अनुदान मिळत होते. भिंतीवरच्या घोषणेचे श्रेय घोषणेला मिळाले, विटा-सिमेंटचे श्रेय मात्र कोणी मागितले नाही.

या तिसऱ्या विधानाचा कस लावण्यासाठी मुंबईतले एक उदाहरण पुरेसे बोलके आहे. हार्बर मार्गावरच्या वडाळा स्थानकाजवळ २००९-१० मध्ये ‘फायनल माइल’ या मुंबईच्याच संस्थेने रेल्वेच्या सहकार्याने एक प्रयोग केला. रूळ ओलांडताना लोकलखाली येणाऱ्यांचे मृत्यू कमी करणे हा त्याचा हेतू होता. एकाआड एक असे काही स्लीपर पिवळ्या रंगाने रंगवले गेले. दूरवरून येणारी मोठी वस्तू डोळ्याला आहे त्यापेक्षा सावकाश येताना दिसते. पिवळ्या पट्ट्या गिळत येणाऱ्या गाडीचा वेग मात्र चटकन लक्षात येतो. मोटरमनने एक लांबलचक भोंगा देण्याऐवजी दोन तुटक भोंगे द्यावेत, अशी सूचना झाली, कारण सलग आवाज शहराच्या गोंगाटात विरून जातो आणि दोन आवाजांमधली शांतता कान टवकारायला लावते. तिसरा भाग म्हणजे गाडीखाली सापडू घातलेल्या माणसाच्या भेदरलेल्या चेहऱ्याची छायाचित्रे, तीही ओलांडण्याच्या नेमक्या जागी. ‘रूळ ओलांडणे हा गुन्हा आहे’ ही रेल्वेची जुनी पाटी कोणी वाचत नव्हते. हा चेहरा वाचावा लागत नव्हता.

प्रयोग कल्पक होता, यात शंका नाही. तेथील मृत्यू बरेच घटल्याचे सांगितले गेले आणि जगभरच्या लेखांत, व्याख्यानांत तो गाजला. पण त्या यशोगाथेत एक प्रश्न सहसा विचारला जात नाही: वडाळ्याला माणसे रुळावर उतरतच का होती? उत्तर मानसशास्त्रात शोधायची गरज नाही. लोहमार्ग वस्तीच्या मधून जातो. घर एका बाजूला, काम, बाजार, शाळा दुसऱ्या बाजूला. पूल लांब, जिने उंच आणि अरुंद, गर्दीच्या वेळी पूल पार करायला लागणारा वेळ लोकल चुकवणारा. डोक्यावर पाटी असलेल्या बाईला किंवा गुडघे धरलेल्या म्हाताऱ्याला चाळीस-पन्नास पायऱ्या चढून उतरण्यापेक्षा रूळ जवळचे वाटतात. त्यात धोक्याचा अंदाज चुकतो हे खरे, पण हिशेब मुळात वेडगळ नसतो.

अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. देशभरात रूळ ओलांडताना दरवर्षी सुमारे १५,००० माणसे मरतात आणि त्यांतली सुमारे ६,००० एकट्या मुंबई उपनगरी मार्गावर, असे त्यात नोंदवले होते. समितीने त्यासाठी ‘हत्याकांड’ या अर्थाचा शब्द वापरला. अपघात हा शब्द तिला अपुरा वाटला असावा. शिफारशी अगदीच अनाकर्षक होत्या: कुंपण घाला, पादचारी पूल बांधा, फाटके बंद करून उड्डाणपूल करा. यांतली एकही गोष्ट परिषदेत टाळ्या मिळवणारी नाही.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी, परळ आणि तेव्हाचे एल्फिन्स्टन रोड ही स्थानके जोडणाऱ्या अरुंद पुलाच्या जिन्यावर पावसात चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा जीव गेला. ही माणसे रूळ ओलांडत नव्हती. रेल्वेने जे करा म्हणून वर्षानुवर्षे सांगितले तेच ती करत होती. ती पुलावर होती. दुर्घटनेनंतर नवे पूल बांधण्याचे काम लष्कराकडे दिले गेले आणि एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवली येथील तीन पूल २७ फेब्रुवारी २०१८ रोजी खुले झाले. जे बांधायला पाच महिनेही लागले नाहीत, त्याची मागणी प्रवासी संघटना किती काळ करत होत्या हे मुंबईकरांना सांगायला नको. पिवळ्या पट्ट्यांचा खर्च पुलापेक्षा कितीतरी कमी, हे त्यांच्या बाजूने नेहमी सांगितले जाते. तो युक्तिवाद खरा असण्यासाठी दोन्ही गोष्टी एकच काम करणाऱ्या असल्या पाहिजेत. पट्टी रुळावर उतरलेल्याला सावध करते. पूल त्याला रुळावर उतरूच देत नाही.

याचा अर्थ वडाळ्याचा प्रयोग करायला नको होता, असा नाही. पूल होईपर्यंत पट्टी असावीच. तक्रार आहे ती पट्टीला ‘उपाय’ आणि पुलाला ‘जुनाट विचार’ ठरवणाऱ्या मांडणीबद्दल. प्रश्न प्रवाशाच्या डोक्यात आहे असे एकदा ठरले की पूल न बांधणाऱ्याच्या डोक्यात काय चालले होते, हे कोणी विचारत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तोही अगदी शास्त्रशुद्ध पद्धतीने. निक चेटर आणि जॉर्ज लोवेनस्टीन या वर्तनशास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये आपल्याच क्षेत्राविरुद्ध नेमका हा आरोप केला: व्यक्तीला दुरुस्त करण्याच्या नादात व्यवस्था बदलण्याचे काम मागे पडले आणि ज्या उद्योगांना नियमन नको होते त्यांना हे सोयीचेच होते. लोवेनस्टीन हे या शाखेच्या संस्थापकांपैकी आहेत. त्यामुळे ही टीका बाहेरच्या निंदकाची म्हणून झटकून टाकता येत नाही.

आता परिणामाच्या आकाराकडे वळू. स्टेफानो डेलाविन्या आणि एलिझाबेथ लिनोस यांनी २०२२ मध्ये दोन प्रकारचे प्रयोग शेजारी ठेवले. एका बाजूला विद्यापीठीय नियतकालिकांत छापले गेलेले, दुसऱ्या बाजूला अमेरिकेतल्या दोन ‘नज’ पथकांनी केलेले सर्वच्या सर्व १२६ प्रयोग, ज्यांत २ कोटी ३० लाख लोक आले. छापलेल्या प्रयोगांत अपेक्षित वागणूक सरासरी ८.७ टक्के बिंदूंनी वाढलेली होती. पथकांच्या प्रयोगांत १.४ टक्के बिंदूंनी. तफावतीचा मोठा भाग एकाच गोष्टीने समजतो: नियतकालिके यशस्वी प्रयोग छापतात, फसलेले कपाटात राहतात. त्याच वर्षी दोनशेहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला आणि त्यात ‘नज’चा परिणाम बऱ्यापैकी असल्याचे म्हटले होते. काही महिन्यांतच दुसऱ्या संशोधकांनी त्याच आकडेवारीत कपाटातल्या प्रयोगांची भरपाई धरून हिशेब मांडला, तेव्हा सरासरी परिणामाचा पुरावा जवळपास उरला नाही.

यावर समर्थकांचे उत्तर ठरलेले आहे: १.४ तर १.४, फुकटात मिळते आहे ना? कराची थकबाकी भरण्याच्या पत्रात एक ओळ बदलून काही हजार लोक वेळेत पैसे भरत असतील तर ती ओळ बदलावी, यात वादच नाही. पण ‘फुकट’ हा शब्द तपासून घ्यावा लागतो. डेव्हिड हॅगमन, एमिली हो आणि लोवेनस्टीन यांनी २०१९ मध्ये दाखवले की हरित वीज आपोआप लागू करणाऱ्या ‘नज’चा पर्याय समोर ठेवला की लोकांचा कार्बन-कराला असलेला पाठिंबा घटतो, छोटा उपाय मोठ्याची गरज भागवील असा समज होतो. तोच समज मंत्रालयातल्या फाइलवरही होऊ शकतो. स्वस्त उपायाने महाग उपाय लांबणीवर पडत असेल, तर त्या लांबणीची किंमत स्वस्त उपायाच्या खात्यावर लिहायला हवी.

पुराव्याच्या दर्जाची गोष्ट तर याहून बिकट आहे. २०१२ मध्ये एका प्रतिष्ठित अमेरिकी नियतकालिकात पाच संशोधकांचा निबंध आला: अर्जावर सही खाली घेण्याऐवजी वर घेतली तर माणूस खोटे कमी लिहितो. कल्पना इतकी सुटसुटीत होती की जगभर धोरणकर्त्यांनी ती उचलली. त्यात एक प्रत्यक्ष क्षेत्रातला प्रयोगही होता, वाहन विम्याच्या १३,४८८ पॉलिसींचा, ज्यांत ग्राहकांनी गाडीचे चालू किलोमीटर, म्हणजे तिकडचे मैल, लिहून द्यायचे होते. २०२१ मध्ये उरी सायमनसोन, जोसेफ सिमन्स आणि लीफ नेल्सन यांनी त्या आकड्यांचा तक्ता उलगडला. गाड्या किती चालल्या याचे आकडे शून्यापासून पन्नास हजार मैलांपर्यंत अगदी सारख्या प्रमाणात पसरलेले होते आणि पन्नास हजारांच्या पुढे एकही गाडी नव्हती. खऱ्या जगात बहुतेक गाड्या मध्यम चालतात, मोजक्या खूप. फाशांच्या खेळासारखे सरसकट वाटप होत नाही. हाताने आकडा लिहिणारा माणूस २४,००० किंवा ३१,५०० असा गोल आकडा लिहितो. इथे नंतरच्या नोंदींमध्ये गोल आकड्यांचा मागमूसही नव्हता. आणि सगळ्यात नामी गोष्ट म्हणजे तक्त्यातल्या अर्ध्या ओळी कॅलिब्री या टंकात होत्या आणि अर्ध्या कँब्रियात, जणू प्रत्येक गाडीला एक जुळी गाडी कोणी करून दिली होती. आकडे रचलेले होते. निबंध मागे घेतला गेला. त्याच्या आदल्याच वर्षी मूळ लेखकांनी इतरांसह मोठ्या प्रमाणावर प्रयोग पुन्हा केला होता आणि सही वर घेतल्याने काहीही फरक पडत नसल्याचे जाहीर केले होते. प्रामाणिकपणा वाढवणाऱ्या युक्तीचा पुरावाच बनावट निघावा, यावर वेगळे भाष्य करायची गरज नाही.

हे एक कुजलेले फळ म्हणून सोडून देता आले असते. पण २०१५ मध्ये ब्रायन नोसेक यांच्या पुढाकाराने मानसशास्त्रातले शंभर प्रयोग पुन्हा करून पाहिले गेले, तेव्हा ३६ टक्क्यांनाच मूळ निष्कर्षाला दुजोरा देणारा ठळक परिणाम मिळाला. इच्छाशक्ती वापरली की इंधनासारखी संपते, हे १९९८ पासून पाठ्यपुस्तकांत असलेले मत २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून तपासले. परिणाम शून्याच्या आसपास आला. ताटाचा, वाडग्याचा आकार बदलून खाणे कमी करण्याचे सल्ले देणाऱ्या कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रयोगशाळेचे सहा निबंध एका वैद्यकीय नियतकालिक-समूहाने २०१८ मध्ये एकाच दिवशी मागे घेतले. स्वयंविकासाच्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांत मात्र हे सगळे अजून सुखाने नांदते आहे.

रोजच्या जीवनातल्या सल्ल्यांचे असेच आहे. ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे वाक्य शाळेच्या फळ्यापासून जिमच्या भिंतीपर्यंत सगळीकडे दिसते. त्याचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची रुग्णाला सवय व्हायला निदान एकवीस दिवस लागतात, असे त्याचे निरीक्षण होते. नाकाच्या शस्त्रक्रियेवरून पहाटे धावायला जाण्याचा नियम काढला गेला. फिलिपा लाली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर केलेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मध्यगा ६६ दिवसांची निघाली आणि व्यक्तीगणिक आकडा १८ पासून २५४ पर्यंत पसरला. आकड्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती: सवय मुरते ती तीच जागा, तीच वेळ, आधीची तीच कृती यांच्या आधाराने. जेवणानंतर पाणी पिण्याची सवय लवकर लागली, व्यायामाची उशिरा. म्हणजे ज्याचा दिवस स्वतःच्या हातात आहे त्याला सवय लावून घेणे सोपे. आठवड्याला पाळी बदलणारी परिचारिका, बारा तासांची ड्युटी करणारा सुरक्षारक्षक, दुष्काळात टँकरच्या वेळेप्रमाणे उठणारी बाई यांच्याकडे ‘तीच वेळ’ नावाची वस्तूच नसते. त्यांना शिस्तीचे धडे देणे म्हणजे दुखणे म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

मार्शमॅलोच्या सुप्रसिद्ध प्रयोगाचे झाले तेही याच धर्तीवर. वॉल्टर मिशेल यांनी स्टॅनफर्डच्या शिशुशाळेत पाहिले की काही मुले एक गोड खाऊ समोर असताना दुसऱ्यासाठी थांबू शकतात. पुढे थांबणारी मुले आयुष्यात जास्त यशस्वी होतात, असे म्हटले गेले आणि त्यावर संयमाचे वर्ग निघाले. २०१८ मध्ये नऊशेहून अधिक, वेगवेगळ्या थरांतल्या मुलांवर हे पुन्हा तपासले तेव्हा, घरची परिस्थिती आणि लहानपणची बौद्धिक तयारी लक्षात घेतल्यावर, तो संबंध बराचसा ओसरला. त्याहून बोलका आहे २०१३ मधला सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा छोटा प्रयोग. ज्या मुलांना आधी मोठ्या माणसाने दिलेला शब्द मोडल्याचा अनुभव दिला, ती सरासरी तीन मिनिटे थांबली. ज्यांना शब्द पाळल्याचा अनुभव होता, ती बारा. खाऊ लगेच उचलणारे मूल अधीर नव्हते, शहाणे होते.

वर्तनशास्त्राचे सर्वांत जोरदार शस्त्र म्हणजे डिफॉल्ट, अर्थात कोणी काही केले नाही तर आपोआप लागू होणारा पर्याय. पुस्तकांत यासाठी जर्मनी आणि ऑस्ट्रियाचे आकडे येतात. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांच्या २००३ मधल्या लेखात अवयवदानाची संमती जर्मनीत १२ टक्के आणि ऑस्ट्रियात ९९.९८ टक्के होती; फरक इतकाच की जर्मनीत होकार नोंदवावा लागतो आणि ऑस्ट्रियात नकार. तक्ता पाहून थक्क व्हायला होते. पण ९९.९८ टक्के हा आकडा नकार न नोंदवणाऱ्यांचा आहे, दान झालेल्या अवयवांचा नव्हे. स्पेनने गृहीत संमतीचा कायदा १९७९ मध्ये केला आणि दहा वर्षे विशेष काही घडले नाही. १९८९ मध्ये राफाएल मातेसान्झ यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना उभी राहिली, रुग्णालयागणिक समन्वयक नेमले गेले, बहुधा अतिदक्षता विभागातलेच प्रशिक्षित डॉक्टर. दर दहा लाख लोकसंख्येमागे तेव्हा सुमारे १४ असलेले मरणोत्तर दाते पुढे ४० च्या वर गेले. स्पेनमध्ये आजही कुटुंबाला विचारूनच अवयव घेतले जातात आणि यश कायद्याचे नव्हे, यंत्रणेचे, असे मातेसान्झ स्वतः सांगत आले. भारतातही अडते ते इथेच. मेंदूमृत्यू वेळेत घोषित करणारे डॉक्टर, रडणाऱ्या नातेवाइकांशी नीट बोलू शकणारा समन्वयक, अवयव काढायला मान्यता असलेले रुग्णालय हे सगळे जमून येईपर्यंत दात्याच्या खिशातले कार्ड हा कागदच असतो.

डिफॉल्टची सर्वांत मोठी भारतीय चाचणी मात्र पुस्तकांत क्वचितच येते. ती म्हणजे पीक विमा. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत कर्जदार शेतकऱ्याला विमा सक्तीचा होता; २०२० च्या खरिपापासून तो ऐच्छिक झाला, पण कर्जदाराने मुदतीच्या सात दिवस आधी ‘नको’ असे लेखी दिले नाही तर हप्ता कर्जखात्यातून कापला जायचाच. खरिपाच्या अन्नधान्य व गळीत पिकांसाठी शेतकऱ्याचा हिस्सा विमा रकमेच्या दोन टक्के. डिफॉल्टच्या दृष्टीने रचना निर्दोष, नोंदणीचे आकडेही मोठे. घोडे पेंड खाते ते पुढे. सोयाबीन कापून शेतात पसरलेले असताना परतीचा पाऊस आला, तर महाराष्ट्रात वर्षानुवर्षे लागू असलेल्या नियमाप्रमाणे ७२ तासांच्या आत नुकसानीची सूचना द्यावी लागे: गट क्रमांक, पीक, नुकसानीचे कारण, फोटो, तेही ॲपवर किंवा टोल-फ्री क्रमांकावर. शेतात चिखल, गावात वीज नाही, मोबाइलला रेंज नाही, आणि हप्ता आपोआप कापला गेल्यामुळे आपला विमा कोणत्या कंपनीकडे आहे हेच कित्येकांना ठाऊक नाही. ज्या जडत्वाच्या बळावर नोंदणी झाली, त्याच जडत्वामुळे दावा बुडाला. हप्ता कापण्यासाठी शेतकऱ्याने काहीही करायचे नव्हते. भरपाईसाठी मात्र सगळे त्यानेच करायचे होते.

सूचना वेळेत पोचली तरी प्रकरण पंचनाम्यावर जाते. व्यापक नुकसानीत तर भरपाई महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांवर ठरते. मंडळाचे सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेले तरच पैसे. प्रयोगांची संख्या, कर्मचाऱ्यांची उपलब्धता, कंपन्यांशी होणारे वाद, राज्याचा हिस्सा कधी भरला जातो, या कुठल्याच गोष्टीला ‘नज’ लागू पडत नाही. महाराष्ट्राने २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याचा हिस्सा एक रुपयावर आणला. किंमत जवळजवळ शून्य केली की मागणी उसळते, हा वर्तनशास्त्राचा लाडका सिद्धान्त. अर्ज खरोखरच उसळले, त्यांत बोगसही निघाले आणि २०२५ मध्ये एक रुपयाची योजना गुंडाळावी लागली.

व्यवसायातल्या वापराचे सर्वांत चांगले उदाहरण वैद्यकातले आहे आणि तेही तिसऱ्या विधानाच्या विरोधातच साक्ष देते. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी मिशिगनमधल्या अतिदक्षता विभागांत मोठ्या शिरेत नळी घालताना पाळायच्या पाच पायऱ्यांची यादी लागू केली: हात धुणे, क्लोरहेक्झिडीनने त्वचा स्वच्छ करणे, पूर्ण निर्जंतुक आच्छादन, शक्यतो मांडीची शीर टाळणे, गरज संपताच नळी काढणे. २००६ मध्ये आलेल्या निष्कर्षांत १०३ विभागांचा समावेश होता आणि रक्तातील जंतुसंसर्गात दीड वर्षात ६६ टक्क्यांपर्यंत घट झाली होती. बातम्यांत ‘एका साध्या यादीने हजारो जीव वाचवले’ असे झळकले. प्रत्यक्षात यादीबरोबर बरेच काही होते. सामान एकाच ट्रॉलीवर ठेवले गेले, संसर्गाचे आकडे दर महिन्याला विभागाला दाखवले गेले, रुग्णालयाचा एक वरिष्ठ अधिकारी प्रत्येक विभागाशी जोडला गेला आणि पायरी चुकली तर डॉक्टरला थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला मिळाला. हा शेवटचा मुद्दा आपल्याकडच्या कोणत्याही रुग्णालयात मनातल्या मनात लावून पाहावा: सिस्टरने मोठ्या सरांना सर्वांसमोर ‘थांबा, हात धुवा’ म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी तिची ड्युटी बदललेली नसावी. कागद छापायला एक रुपया लागतो. ही हमी द्यायला संस्थेची पुरी घडी बदलावी लागते. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात शस्त्रक्रियेची सुरक्षा-यादी सरकारी आदेशाने लागू झाली. १०१ रुग्णालयांचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले तेव्हा मृत्यूंमध्ये संख्याशास्त्रीयदृष्ट्या दखल घेण्याजोगी घट नव्हती. याद्या भरल्या जात होत्या, टक्केवारी उत्तम होती.

डाळीची गोष्टही अशीच अर्धवट सांगितली जाते. अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात ‘सेवा मंदिर’ या संस्थेबरोबर १३४ गावांत लसीकरणाचा प्रयोग केला. बाळाच्या प्रत्येक लशीला एक किलो डाळ आणि सर्व लशी पूर्ण झाल्यावर स्टीलच्या थाळ्या दिल्या, तेव्हा पूर्ण लसीकरण ३९ टक्क्यांवर गेले. ज्या गावांत काहीच केले नव्हते तिथे ते ६ टक्के होते. श्रोत्यांना डाळ लक्षात राहते. मधला आकडा मात्र गळतो: डाळ न देता, ठरल्या दिवशी न चुकता भरणाऱ्या शिबिरांनीच ६ चे १८ केले होते. म्हणजे नर्स येईल याची खात्री हीच आधी लागणारी गोष्ट. डाळीने ते प्रमाण दुपटीहून अधिक केले, हे निःसंशय मोठे यश. पण शिबिराशिवाय डाळ वाटायची तरी कुठे? त्याच जिल्ह्यात सरकारी उपकेंद्रांतल्या परिचारिकांच्या हजेरीवर वेळेचा शिक्का आणि पगारकपात असा उपाय करून पाहिला गेला. पहिले काही महिने हजेरी सुधारली. मग आरोग्य खात्याने ‘सूट’ दिलेले दिवस वाढत गेले आणि सुमारे दीड वर्षात परिणाम नाहीसा झाला. प्रोत्साहनाची रचना चुकली नव्हती. वरच्यांनीच ती मोडून काढली.

‘नज’ स्वातंत्र्य हिरावून घेत नाही, असाही एक बचाव असतो. पर्याय खुला असतो, हे खरे. पण जे ज्ञान शेतकऱ्याच्या खात्यातून हप्ता कापते, तेच तिकिटाच्या संकेतस्थळावर विम्याच्या चौकटीत आधीच खूण करून ठेवते आणि सदस्यत्व रद्द करण्याचे बटण सातव्या पडद्यामागे लपवते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा ‘डार्क पॅटर्न’वर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली, ती सल्ला म्हणून नव्हे, नियम म्हणून. ग्राहकाला सावध राहण्याचा ‘नज’ देऊन भागले नसते, हे इथे सरकारला लगेच पटले.

वर्तनशास्त्राची जागा यातून आपोआप आखली जाते. सेवा उपलब्ध आहे, माणसाची इच्छा आहे आणि फक्त विसरण्याने, आळसाने किंवा किचकट फॉर्मने काम अडले आहे, तिथे आठवणीचा संदेश, आधीच भरलेला अर्ज, ठरवून दिलेली वेळ यांचा उपयोग होतो आणि तो मोजताही येतो. कॅथरीन मिल्कमन यांच्या एका अभ्यासात कर्मचाऱ्यांना फ्लूच्या लशीसाठी तारीख आणि वेळ कागदावर लिहायला सांगितले, तेव्हा लस घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे चार टक्के बिंदूंनी वाढले. लस त्यांच्याच कार्यालयात, मोफत मिळत होती. ती अट गाळून उरलेले वाक्य उद्धृत करणे म्हणजे निष्कर्ष बदलणे.

अशा ठिकाणीही कोणती युक्ती चालेल, हे आधी सांगता येत नाही. मिल्कमन आणि तीस शास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका जिम-साखळीच्या ६१,२९३ सदस्यांवर चार आठवड्यांचे ५४ वेगवेगळे कार्यक्रम एकाच वेळी तपासले. निष्कर्ष २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये आले. जवळपास निम्म्या कार्यक्रमांनी आठवड्याच्या भेटी ९ ते २७ टक्क्यांनी वाढवल्या, पण चार आठवडे संपल्यावरही टिकून राहिलेला बदल फक्त ८ टक्के कार्यक्रमांत दिसला. सर्वांत वरचा ठरला तो एक दिवस चुकल्यावर परत येणाऱ्याला थोडे जास्त गुण देणारा कार्यक्रम. कोणता कार्यक्रम किती चालेल याचे अंदाज तज्ज्ञांकडूनही घेतले होते आणि सामान्य लोकांकडूनही. दोघांचेही अंदाज प्रत्यक्ष निकालाशी जुळले नाहीत आणि दोघांनीही परिणाम होता त्यापेक्षा कितीतरी मोठा धरला होता.